उसन्या दोन बोल्टांवर

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. डिलाईल रोडवरच्या एका चाळीत, चंपाबाईंच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर मी असतो. या वयातही मी छान वाजतो. घरी आलेले पाहुणे तसं बोलूनही दाखवतात. पण त्यांनी कौतुक केलं की मला लाज वाटते. का, ते आज सांगतो.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा लाकडी पेटीत एक जड लोखंडी चौकट बसवली. तिच्यावर माझे काचेचे वाल्व, तारा, सगळा जीव. दुरुस्तीवाले तिला चासी म्हणतात. ही चासी पेटीला खालून चार बोल्टांनी आवळलेली होती. त्या बोल्टांची मला कधी आठवणही होत नसे. आवाजाची वाहवा होत असताना पायाखाली कोण बघतो?

गिरणीत काम करणाऱ्या भिवाजींनी मला घरी आणलं. खोलीचं दार तेव्हा उघडंच असे. क्रिकेटचं समालोचन लागलं की गॅलरीत उभं राहायला जागा उरत नसे. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी वंदना लागली की शेजारच्या बाया हातातलं काम ठेवून उंबऱ्यावर येऊन बसत. भिवाजी कामावरून आले की हात धुऊन, पुसूनच माझ्या बटणाला लावत.

त्यांचा मुलगा रामदास हौशी होता. माझा आवाज खरखरू लागला तेव्हा त्याने मला उलटं केलं, बोल्ट काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. सदरा धुण्यात गेला. बोल्ट मोरीतून वाहून गेले की कुठे पडले, कुणाला कळलं नाही. माझी चासी पेटीत डगडगू लागली. तेवढ्यात घरात टीव्ही आला. रामदासने मला सुतळीने बांधलं आणि माळ्यावर ठेवलं, रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी. रद्दीलाही तशीच सुतळी होती.

पुढे रामदास गेला. त्याची बायको चंपाबाई म्हाताऱ्या झाल्या, काचबिंदूने त्यांची नजर गेली. टीव्हीसमोर त्या नुसत्या बसून राहत. एक दिवस नातीला म्हणाल्या, "दीपे, तो रेडिओ हाय का गं वर? त्यात सगळं बोलून सांगायचे. बघायला लागायचं नाही."

दीपिकाने मला खाली काढलं आणि दादरला निलेशकडे नेलं. निलेश जुने रेडिओ दुरुस्त करतो. त्याने वाल्व बदलले, तारा जोडल्या. मी बोलू लागलो! पण चासी पेटीत बसवायची कशाने?

मग सुरू झाली बोल्टांची शोधाशोध. निलेश आणि दीपिका मला घेऊन दुकानं पालथी घालू लागले. नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्टांचे डोंगर होते, त्यात माझा एकही नव्हता. हल्लीचे बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे, माझे जुन्या इंग्रजी मापाचे. दोन फेरे आत जात आणि अडकत.

"ताई, हा साईझ आता येत नाय," एक दुकानदार म्हणाला. "जोर लावून फिरवा, बसेल."

"जोर लावला तर आतले आटे मरतील," निलेश म्हणाला. "मग संपलंच."

दर दुकानात मला उलटं करून दाखवलं जाई. पोटातली ती रिकामी भोकं, अंगावरचे सुतळीचे वळ सगळे बघत. लपायला जागा नव्हती.

शेवटी निलेशला आठवण झाली. फणसवाडीत चिंतामणीकाकांकडे अगदी माझ्यासारखाच रेडिओ होता, जळून मुका झालेला. "विचारून तर बघू," तो म्हणाला. चंपाबाईही हट्टाने टॅक्सीत बसल्या.

मित्रांनो, त्या घरात मी माझाच जुळा भाऊ पाहिला. पेटी चकाकत होती, वर विणलेला रुमाल, चारही बोल्ट जागच्या जागी. आणि मी शेजारी वर्तमानपत्रावर, पेटी एकीकडे, चासी दुसरीकडे. वाजणारा मी होतो, पण राजबिंडा तो होता.

निलेशने बोल्टांचं विचारताच काकांचा चेहरा बदलला. "नाही. हा माझ्या बायकोचा, सुनेत्राचा आहे. ती रोज पुसायची. ती गेली म्हणून मी तिच्या वस्तूचे भाग विकायला काढलेले नाहीत."

दीपिका ओशाळली. "सॉरी काका. आम्ही निघतो."

चंपाबाईंनी मात्र हात पुढे केला. "जरा हात लावून बघू का, भाऊ?" त्यांनी चाचपत त्या रेडिओच्या कडांवरून बोटं फिरवली. "कुठं ओरखडा नाही. लई जपलाय बाईंनी. राहू द्या. एकाचं मोडून दुसऱ्याचं नको जोडायला. काय ऐकायच्या त्या?"

काकांनी वरचा रुमाल सरळ केला. "नाट्यसंगीत. मला म्हणायची, आवाज हळू करा, शेजारी पोरांची परीक्षा आहे." मग निलेशकडे वळून म्हणाले, "तुमचा वाजतो का रे? लाव बघू."

निलेशने मला तसंच, उघडं-नागडं, जमिनीवर लावलं. वाल्व तापले. आधी घुमल्यासारखा सूर आला, मग कुणीतरी गाऊ लागलं. काका खुर्चीतून उठले आणि खाली माझ्याजवळ बसले.

"अगदी असाच," ते म्हणाले. "आधी असाच घुमायचा."

गाणं संपलं. काकांनी निलेशकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला.

"काका, नको," दीपिका म्हणाली.

"दोन काढतो. तिरपे दोन ठेवले तर चासी धरून राहील ना रे?"

"राहील काका. फक्त हलवायचा नाही."

"आमचा कुठे जाणार आहे?"

त्यांनी स्वतःच्या हाताने दोन बोल्ट काढले आणि चंपाबाईंच्या तळहातावर ठेवले. माझी दोन भोकं भरली. माझ्या भावाची दोन रिकामी झाली. त्याने कुणाचं काय बिघडवलं होतं?

आता रविवारी सकाळी काका आमच्याकडे येतात. चंपाबाईंच्या हातचा चहा घेतात, नाट्यसंगीत ऐकतात. जाताना चंपाबाई न चुकता विचारतात, "तुमचा बरा हाय ना?" आणि काका म्हणतात, "आहे तिथेच आहे." तो प्रश्न मलाही विचारायचा असतो. पण मला फक्त दुसऱ्यांचे शब्द बोलता येतात.

मित्रांनो, एखादी वस्तू उघडाल तेव्हा तिचे बोल्ट, स्क्रू खिशात टाकू नका. वाटीत ठेवा, काम झालं की जागच्या जागी लावा. तुमच्या हातून हरवलेला बोल्ट भरून निघतोही, पण कधी कधी तो अशा घरातून येतो, जिथे कुणीतरी काहीच हरवू दिलेलं नसतं.