मार्थाच्या अठरा बाहुल्या

मार्था साळवेनं शिरूरच्या मिशन कंपाउंडातली चौदा माणसं यष्टीत कोंबून दौंडला आणली, ती काही शिनेमा बघायला नव्हे. शिनेमाच्या सुरुवातीला जी नावं येतात, त्यांत स्वतःचं नाव बघायला. ते नाही आलं तर काय बिघडणार होतं, असं विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यांची नावं लग्नपत्रिकेपासून देवळाच्या पायरीपर्यंत सगळीकडं कोरलेली असतात. मार्थाचं नाव आजवर दोनच ठिकाणी लिहिलं गेलं होतं. एक बाप्तिस्म्याच्या वहीत आणि दुसरं रेशनकार्डावर, आणि तिथंही कारकुनानं तिचा मारुती करून ठेवला होता.

शिनेमा खेळण्यांचा होता. जत्रेत एक पोर हरवते. तिला शोधायला तिची खेळणी जिवंत होऊन घरातून पळतात, पत्रावळीच्या नावेतून नदी ओलांडतात, दरोडेखोरांना झोडपतात आणि पोरीला घेऊन येतात. पुण्याच्या कंपनीनं तो हौसराव पाटलांच्या मळ्यात काढला. त्यातल्या अठरा चिंध्यांच्या बाहुल्या मार्थानं शिवल्या. मिशनच्या शाळेत ती शिवण शिकवायची. चार टाक्यांत बाहुलीच्या तोंडावर राग आणायची, पाचव्यात हसू. शिवाय बावीस दिवस ढेकळांवर, बाजेखाली उताणी पडून तिनं काळ्या दोऱ्यांनी त्या बाहुल्या नाचवल्या. दिग्दर्शक म्हणाले होते, "बाई, तुमचं नाव पडद्यावर येणार." तेव्हापासून कंपाउंडात दुसरा विषय नव्हता.

दौंड स्टेशनामागच्या रानात जयसिंगच्या फिरत्या टॉकीजचा तंबू होता. मधोमध कनात, अलीकडं बाया, पलीकडं बापे, सगळे भुईवर. खुर्ची एकच. तिच्यावर हार घालून हौसराव पाटील बसले होते. नारळ त्यांच्याच हातून फुटला होता. माणसानं मळा दिला, त्याचा मान त्याला मिळाला. इथवर मार्थाची काही तक्रार नव्हती.

सांजचा खेळ सुरू झाला. पडद्यावर अक्षरं आली. शेजारच्या अनसाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती दर ओळीला मार्थाला ढोसत होती.

"हेच का गं तुजं?"

"न्हाई मावशी, हे कॅमेऱ्याचं."

"मग ह्ये?"

"हे गाण्याचं. आता येईल बघा."

आलं. 'बाहुल्या आणि त्यांची करामत : हौसराव पाटील.' कनातीपलीकडं टाळ्या पडल्या. हौसराव हात जोडून उभे राहिले, तशी त्यांच्या फेट्याची सावली पडद्यावर पडली आणि पुढची दोन नावं खाऊन गेली.

"हेच न्हवं?" अनसाबाईही टाळ्या वाजवत होती.

"हे पाटलांचं," मार्था म्हणाली.

"पाटलानं काय शिवलं?"

तेवढ्यात पडद्यावर फडताळ उघडलं आणि बाहुल्या उठून बसल्या. तंबूतली पोरं श्वास घ्यायची विसरली. पण अनसाबाई बाहुल्यांकडं बघतच नव्हती. ती कापड बघत होती.

"मार्थे, त्या राजाचा फेटा. माज्या पातळाचा काठ हाय ह्यो. वरती जळल्याचं भोक हाय बघ, चुलीपाशी पडलेलं."

"आन् शिपायाची विजार आमच्या म्हाताऱ्याची लुंगी," मागून कंपाउंडातलीच लिडिया म्हणाली. "आता ह्या चौकड्याला मी वळखणार न्हाई व्हय? तेरा वर्सं धुतलीया."

मग रांगेनं सगळ्याच बाया आपापली लक्तरं ओळखू लागल्या. राक्षसाचं पोट तर शाळेच्या पडद्याचं निघालं. ज्या चिंध्या दुपट्यातसुद्धा घालायची लाज वाटावी, त्या राजा होऊन हिंडत होत्या आणि खालचं नाव पाटलांचं होतं.

पहिलं रीळ संपलं. यंत्र एकच, त्यामुळं रीळ बदलेपर्यंत बत्ती लावायची पद्धत होती. बत्ती लागली तशी मार्था उठली, कनात वर करून बाप्यांत शिरली आणि खुर्चीपुढं उभी राहिली. तिचा नवरा येशुदास दुरूनच "अगं, अगं" करत राहिला. त्याचं सगळं आयुष्य एवढ्या दोन शब्दांत बसत होतं.

"पाटील, बाहुल्या तुम्ही केल्या?"

हौसराव हसले. "बाई, मळा माजा. बाजही माजी. नावांची यादी पुण्याला मीच पोचवली. इलेक्शन आलंय, एक नाव वाढलं तर तुजं काय गेलं?"

"वाढलं न्हाई. माझं काढून तुमचं घातलंत."

"बरं, मग मीच केल्या म्हण."

मार्थानं पदरात खोचलेली सुई काढली, पदराच्या काठाचा दोरा तोडला आणि दोन्ही त्यांच्या हातात दिलं. "ओवा."

चारशे माणसं बघत होती. नाही म्हणावं तर पंचाईत. पाटलांनी दोरा थुंकीनं ओला केला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग चुकून दोन्ही मिटले. दोरा सुईच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा मिशीतही गेला. शेवटी पाटलांनी सुई उलटी धरली आणि ते टोकाकडं भोक शोधू लागले.

कनातीवरून त्यांची बायको साखरबाई डोकावली. "अवं, ऱ्हाऊ द्या. सदऱ्याची गुंडी निघाली तर मला शेतातनं बोलावून आणता तुम्ही."

मग जो हशा उठला, त्यात पाटलांच्या गळ्यातला हारही हलत होता.

"नाव बदला," पुढच्या पोरांनी गलका केला. "पैल्यापासनं लावा."

तंबूवाला जयसिंग धावत आला. "अक्षरं पुण्यात छापलीत बाई. मी कशी पुसू?"

"पुसू नका. झाका."

"कशानं?"

"हात न्हाई का तुम्हांला?"

रीळ पुन्हा गुंडाळून पहिल्यापासून लागलं. मार्था यंत्राशेजारी उभी राहिली. नाव यायच्या बेताला तिनं खूण केली आणि जयसिंगनं झोतापुढं पंजा धरला. पडद्यावर पाच काळी बोटं उमटली, एकेक बोट लिंबाच्या खोडाएवढं. त्या अंधारात मार्था ओरडली, "बाहुल्या, मार्था येशुदास साळवे, शिरूर."

शिट्ट्या पडल्या. येशुदाससुद्धा दबकत एक शिट्टी वाजवून गेला. हौसराव उठून निघाले होते, पण साखरबाई जागची हलेना, म्हणून परत बसले.

जयसिंगनं हात काढला आणि जीभ चावली. "बाई, पंजा मोठा पडला. शेजारचं दिग्दर्शकाचं नावही झाकलं गेलं."

"ऱ्हाऊ द्या तसंच," मार्था म्हणाली. "यादी हातात पडल्यावर त्यांनी तरी कुठं मला विचारलं?"