बोनेटबाबाने विझवलेला दिवा

शनिवारची सकाळ, आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीमागच्या गल्लीत गाड्यांची ही भलीमोठी रांग! टॅक्सीवाले, टुरिस्टवाले, ऑफिसला दांडी मारून आलेले साहेब, सगळे हात जोडून उभे. कारण खंडू मिस्त्रीच्या गॅरेजात बोनेटबाबा बसले होते.

चमत्कार डोळ्यांदेखत घडायचा. गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असायचा. बाबांचा शिष्य आत वाकून स्टिअरिंगखाली मंतरलेली लिंबू-मिरची अडकवायचा. बाबा शाल पांघरून एक हात बोनेटवर ठेवायचे आणि गरजायचे, "बेटा, राहू पिस्टनमध्ये बसलाय आणि केतूने क्लच धरलाय! श्रद्धा न्यूट्रलमध्ये ठेवू नका, टॉपमध्ये टाका!"

आणि दिवा विझायचा. हात काळे न करता, पाना न फिरवता! मग शिष्य लिंबू काढून झोळीत टाकायचा. दोष शोषलेलं लिंबू घरी नेऊ नये म्हणे.

या सगळ्यात टाळ्या वाजवायला सर्वांत पुढे कोण? तर खुद्द खंडू मिस्त्री. सव्वीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला माणूस! इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचा, म्हणून सारी गल्ली त्याला मानायची आणि तो स्वतःला त्याहून जास्त मानायचा. 'मशीन लावून फॉल्ट काढणारा मेकॅनिक म्हणजे गाईड वाचून पास झालेला पोरगा,' असं तो छाती फुगवून सांगे. पण नव्या गाड्या त्याच्याशी बोलेनात. कान लावून लावून बिचाऱ्याचा कान लाल झाला, दिवा काही विझेना. जे आपल्याला जमत नाही ते देवाशिवाय कुणाला जमणार, असा हिशोब या शहाण्याने केला. आज दुपारी गॅरेजला टाळं लावून तिथे 'वाहनशांती केंद्र' काढायचं आणि आपण मुख्य सेवक व्हायचं, असा शब्दही देऊन बसला.

बायको सुलक्षणा कपाळाला हात लावून म्हणाली होती, "तुमका खूळ लागलां की काय? गॅरेज म्हाराजाक देतल्यात, मगे आमी काय खातलांव, लिंबू?"

"श्रद्धा ठेव," खंडू म्हणाला होता.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत श्रुतिका आली. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेली पोरगी. महिन्यापूर्वी ती काम मागायला आली होती आणि 'तुझा कान अजून कच्चा आहे' म्हणून खंडूने तिला परत पाठवलं होतं.

"काका, एक काम करा ना," ती हळूच म्हणाली. "तुमच्याच गाडीच्या एका सेन्सरची वायर काढून ठेवा. दिवा लागेल. मग बाबांना विझवू दे."

"परीक्षा घेतेस काय गं बाबांची? बघच आता!" तिचं तोंड बंद करायच्या ईर्ष्येने खंडूने गाडी रांगेत पुढे घातली आणि वायर उपसली. दिवा लागला. लिंबू अडकलं, राहू-केतूचा उद्धार झाला, दिवा विझला. गर्दी ओरडली, "बाबा की जय!"

"बघितलंस?" खंडूने मिशी पिळली.

लिंबू काढायला वाकलेल्या शिष्याला अडवत ती म्हणाली, "लिंबू राहू दे. काका, आता गाडी दोन-तीनदा बंद करून चालू करा."

खंडूने केली. तिसऱ्या वेळी पिवळा दिवा परत हजर!

"श्रद्धा कमी पडली!" बाबा गरजले.

"मग लिंबू आरशाला लावून विझवा ना," श्रुतिका म्हणाली. "स्टिअरिंगखालीच का?"

"ती गाडीची नाभी आहे, मूर्ख मुली!"

"नाभीच बघू या की." ती वाकली आणि तिने लिंबू-मिरची ओढली. दोऱ्यासोबत काडेपेटीएवढा काळा डबा खाली लोंबत आला.

"हा स्कॅनर, गाडीचा फॉल्ट वाचणारं मशीन. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचला की मोबाईलशी बोलतो. बाबांचा दुसरा हात शालीत कशाला असतो, कळलं ना?" तिने डबा पुन्हा खोचला, स्वतःच्या मोबाईलवर एक बटण दाबलं. दिवा विझला.

एक टॅक्सीवाला लगबगीने तिच्या पाया पडायला धावला, "माताजी!"

"ओ दादा, उठा! मी काही दुरुस्त केलं नाही. गाडीने बिघाड लिहून ठेवलेला असतो, तो फक्त पुसला. वायर अजून निघालेलीच आहे."

गलका झाला. त्या गलक्यात बाबा आणि शिष्य शाल, झोळी सावरत मागच्या दाराने सटकले. दुरुस्तीचा एकही पाना न उचलणारी माणसं पळायला मात्र भलतीच चपळ निघाली.

खंडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्कॅनर म्हणजे लॅपटॉप आणि जाड वायर, एवढंच त्याला ठाऊक. तो कधी काडेपेटीएवढा झाला, याची या उस्तादाला गंधवार्ता नव्हती. कारण सव्वीस वर्षांत त्याने कुणाला काही विचारलंच नव्हतं.

तो स्टुलावर चढला. "भावांनो, तुम्ही फसलात ते माझ्यामुळे. मिस्त्रीच हात जोडून उभा आहे म्हटल्यावर तुम्ही जोडणारच. मला हे मशीन येत नव्हतं, आणि 'येत नाही' म्हणायची लाज वाटली. म्हणून चोराला देव म्हणालो. दिवा विझला म्हणून नाचू नका रे. तो का लागला ते विचारा. बाबाला विचारा, मला विचारा, आणि उत्तर पटेपर्यंत विचारा."

मग खाली उतरून तो श्रुतिकाला म्हणाला, "पोरी, आजपासून कामावर ये."

"शिकायला की शिकवायला, काका?"

"दोन्ही. पण गिऱ्हाइकांसमोर ओरडू नकोस मला."

मघाचा टॅक्सीवाला अजून घुटमळत होता. "मिस्त्री, बाबांनी गेल्या शनिवारी माझा दिवा विझवला होता. परवा परत लागला. आता काय करू?"

"माहीत नाही," खंडू म्हणाला. "बोनेट उघड, बघू या."