झाकणाच्या आतली बाजू

"आजचा चिनी समाज" या विषयावरचा निबंध चिनी भाषेच्या मॅडमनी तिला परत केला. पंधरा पानं, सगळी उसनवारीची. यात तू स्वतः गाठलेला एक चिनी माणूस दाखव, म्हणाल्या, सोमवारपर्यंत. नाहीतर वर्ष गेलंच समज. वर्गातली पैसेवाल्यांची पोरं तिकडं सहा-सहा महिने राहून आलेली. हिनं बस सोडून दुसऱ्या वाहनात पाय ठेवलेला नाही. माणूस काय झाडाला लागतो?

धुसफुसत ती बापाच्या दुकानात आली. विजेच्या जळालेल्या मोटारींत नव्यानं तार भरायची, हा त्याचा धंदा. दुकानाचा नियम एकच: ज्यानं मोटार भरली त्यानं झाकणाच्या आत तारेचे वेढे, तारीख आणि आपलं नाव लिहायचं. उद्या उघडणाऱ्याला कळलं पाहिजे, शिव्या कुणाला घालायच्या.

बाप एका चिनी मोटारीच्या झाकणावर आतून थिनरचा बोळा फिरवणार, एवढ्यात तिनं त्याचं मनगट धरलं.

"आप्पा, थांबा. लिहिलंय काहीतरी."

"कारखान्याची नक्षी असते ती. वीस वर्षं पुसतोय."

घाईचं, तिरकं अक्षर. पुस्तकातल्या छापील अक्षराशी त्याचा सातजन्माचा संबंध नाही. कोश चाळत अर्धा तास गेला. मग तिनं मोठ्यानं वाचलं.

"तार हलकी आहे. सांगितलं, ऐकत नाहीत. उघडशील तेव्हा बदल. कामगार क्रमांक एकेचाळीस."

बापानं जळकी तार चिमटीत धरून पाहिली.

"खरं बोललाय. म्हणूनच जळली."

आणि तो स्टुलावर बसूनच राहिला. वीस वर्षं. कुणी कुणी काय काय सांगितलं असेल, आणि यानं साफसफाईच्या नावाखाली सगळ्यांची तोंडं पुसली. मुलगी ती अक्षरं परत परत वाचत होती. साहेबाच्या नाकाखाली बसून, झाकण कोण उघडणार हे ठाऊक नसताना, तो गडी खरं लिहून मोकळा झाला होता. पंधरा पानांत तिला जे जमलं नाही ते चार ओळींत.

सोमवारी मॅडमनी तिचं एकच पान वाचलं, झाकणाचा फोटो पाहिला, चष्मा काढला. तीस वर्षं ही भाषा शिकवतेय, म्हणाल्या, पण मला असं कुणी काही कळवलं नाही. वर्ष वाचलं.

संध्याकाळी मोटार चांगल्या तारेनं भरून तयार होती. वेढे, तारीख, नाव, सगळं लिहून झालेलं, तरी बाप झाकण बसवेना. त्यानं मार्कर तिच्यापुढं धरला.

"त्याच्या खाली, त्याच्या भाषेत लिही. बदलली म्हणावं."