आत्याच्या मागे

आमचा धाकटा घोडा शर्यतीत सलग पाचव्यांदा दुसरा आला आणि मालकीणबाईंनी दुर्बीण डब्यात घालून डबा बंद केला.

‘‘पुढच्या महिन्यातली शर्यत शेवटची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तीही गेली तर पाचही घोडे मोठ्या ट्रेनरकडे पाठवते आणि आपला तबेला बंद करते. तुमचं काय मत?’’

‘‘तुम्ही म्हणाल तसं, बाई,’’ मी म्हणालो.

त्या गाडीत बसून निघून गेल्या.

मी एकाच मालकिणीचा खाजगी ट्रेनर. मोठ्या ट्रेनरकडे चाळीस मालकांचे शंभर घोडे असतात. त्यातला एक मालक रुसला तरी एकोणचाळीस उरतात, त्यामुळे तो गडी मालकांवर खुशाल खेकसतो. माझ्याकडे पाच घोडे, तबेल्याला लागून तीन खोल्या आणि एक बाई. त्या रुसल्या की घोडे, घर आणि नोकरी एका दमात जाणार. म्हणून अकरा वर्षांत त्यांच्यापुढे माझ्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघालाच नव्हता. आमच्या बैठकीच्या खोलीत जिंकलेल्या शर्यतींचे फोटो टांगलेत. प्रत्येकात घोडा आहे, लगाम धरून हसणाऱ्या बाई आहेत आणि त्यांच्या खांद्यामागे माझा अर्धा चेहरा आहे. बायको म्हणते, अर्धा म्हणजे भिंतीला शोभेल एवढाच आलाय.

घरी येऊन मी जॉकीच्या नावाने बोटं मोडली. बायको घोड्यांचा भरडा भिजवत होती.

‘‘पाच शर्यतींना पाच वेगळे जॉकी होते,’’ ती म्हणाली. ‘‘पाचही गाढव?’’

‘‘मग घोड्यातच दम नाही.’’

‘‘दम नाही तर दुसरा कसा येतो? उद्या सकाळी तुम्ही आत्यावर बसू नका. माझ्याबरोबर खिडकीत उभे राहा.’’

आत्या म्हणजे आमची चौदा वर्षांची निवृत्त घोडी. कमरेने रुंद, स्वभावाने त्याहून रुंद. धाकटा लहान असताना फार बुजरा होता, पान हललं तरी उधळायचा. म्हणून मी सकाळच्या रपेटीला स्वतः आत्यावर बसून पुढे राहायचो आणि आमचा रायडर धाकट्याला मागे ठेवायचा. धाकटा पुढे घुसायला लागला की रायडरने त्याला आवरायचं, असा माझाच हुकूम होता. मोठ्या तबेल्यात रोज जोड्या बदलतात, कधी हा पुढे, कधी तो. आमच्याकडे बदलायला होतं कोण? बाकीचे तिघे दांडगे, त्यांना बघून तो आणखीच बुजायचा. दोन वर्षं आत्या पुढे आणि धाकटा मागे.

दुसऱ्या दिवशी आत्यावर दुसरा माणूस बसवला आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. आत्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत धाकटा थांबला. तिने वेग घेतला, त्याने घेतला. ती धापा टाकत मंदावली आणि तो बेटा, अंगात वारं भरलेलं असताना, तिच्या शेपटीमागे पावलं आखडून चालू लागला. रायडरचे लगाम ढिले होते. हौदावर आत्याने तोंड वर काढेपर्यंत त्याने पाण्याला ओठ लावला नाही.

‘‘दोन वर्षं मला हे दिसलं कसं नाही?’’ मी म्हणालो.

‘‘तुम्ही पुढे होतात. तुम्हाला मागचं काय दिसणार?’’ बायको म्हणाली. ‘‘समोर कुणीही असलं तरी त्याला आत्याच वाटते. मोठ्या माणसांच्या पुढे जायचं नाही, हे त्याला तुम्हीच शिकवलंत. विद्यार्थी अगदी गुरुजींवर गेलाय.’’

शेवटचं वाक्य बोलताना तिने बैठकीतल्या भिंतीकडे बघितलं. मला ते झोंबलं. झोंबलं, कारण खरं होतं.

बाईंना काही न सांगता ही चूक गुपचूप निस्तरता आली असती. पण चांगल्या घोड्यावर पाच वेळा ठपका आला होता आणि त्याच्यापायी बाकीचे चौघेही घर सोडून जाणार होते. बाई पेशाने डोळ्यांच्या डॉक्टर. मी त्यांच्या दवाखान्यात जाऊन रांगेत बसलो. नंबर आला तेव्हा त्यांनी सवयीने माझ्या डोळ्यात टॉर्च मारला.

‘‘काय होतंय?’’

‘‘डोळ्यांना काही नाही, बाई. धाकट्याला मी बिघडवलंय,’’ मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. मग म्हणालो, ‘‘आणि घोडे तिकडे पाठवू नका. तिथे शंभरांत याच्याकडे कोण बघणार? तुमचा निर्णय चुकतोय.’’

त्यांनी टॉर्च विझवला. ‘‘शर्यतीला तीन आठवडे आहेत,’’ एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर मी आत्याला रपेटीतून काढून टाकलं. तर धाकटा जागचा हलेना. एकट्याने धावायचं म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नव्हतं. दोन दिवस मी डोकं धरून बसलो. शेवटी बायकोच वैतागून म्हणाली, ‘‘अहो, तिला पुढे धाववू नका. पुढे नेऊन उभी करा.’’

मग आत्या ट्रॅकच्या टोकाला गवत खात उभी राहू लागली आणि धाकटा या टोकापासून तिच्याकडे एकटा धावू लागला. आठवड्याभराने पुढची पायरी घेतली. बाकीचे तीन घोडे वाटेत त्याच्या पुढे धावायला ठेवले. पहिल्या दिवशी तो त्यांच्या मागे अडकला. चौथ्या दिवशी त्याने मान उंचावून लांबवर आत्या दिसते का बघितलं आणि तिघांना वळसा घालून गेला. मी टोपी हवेत फेकली. ती आत्याने चावली.

शर्यतीच्या दिवशी अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी काढून मी आत्याला शर्यत संपते त्या शेवटच्या खांबापलीकडे, घोडे बाहेर नेतात त्या फाटकाशी घेऊन उभा राहिलो. पहिल्यांदाच मी बाईंच्या मागे नव्हतो. घोडे शेवटच्या वळणावरून आले. पुढे एक तपकिरी घोडा आणि त्याच्या शेपटीला नाक लावून आमचा धाकटा. अंतर संपत आलं तरी तो तिथेच. तीन खोल्या, पाच घोडे, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

तेवढ्यात त्याने मान उंचावली. आत्या चघळायची थांबली आणि जोरात खिंकाळली. धाकट्याने तपकिरी घोड्याला बाहेरून वळसा घातला आणि नुसता सुटला. दोन घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकला आणि खांबाशी थांबलाच नाही. जॉकी लगाम ओढत राहिला, हा सरळ आत्याच्या मानेला मान लावून उभा राहिला. मी दोघांच्या मध्ये चेंगरलो आणि ढसाढसा रडलो.

फोटोला त्याला एकट्याला नेता येईना, म्हणून आत्यालाही न्यावं लागलं. बाईंनी लगाम धरला. मी सवयीने त्यांच्या खांद्यामागे गेलो.

‘‘तिथे कुठे निघालात?’’ बाई मागे न बघता म्हणाल्या. ‘‘या इकडे, माझ्या शेजारी. अकरा वर्षं मी तुम्हाला मत विचारतेय, दवाखान्यात पहिल्यांदा मिळालं. घोडे कुठेही जात नाहीत.’’

मी एक पाऊल पुढे टाकलं. एवढंसं पाऊल, पण मला ते जड गेलं.

तो फोटो भिंतीवर मधोमध लावलाय. माझा पूर्ण चेहरा आलाय. डोळे मिटलेले आहेत, पण बायको म्हणते, चालेल, सुरुवात आहे.