दोन्ही गोळ्या कडू

बंद झालेला डावा कान. लहानपणीचा, काठ चेपलेला पेला. जिभेच्या मुळाशी कडू. पायातच राहिलेली एक चप्पल.

हे सगळं धाकटीचं. चप्पल तेवढी ताईची.

एक विषाणू लाळेतून, उष्ट्या पेल्यातून लहानपणीच बहुतेकांच्या अंगात शिरतो आणि आगंतुक पाहुण्यासारखा कोपरा धरून पडून राहतो. एखाद्याच्याच नाकामागे कॅन्सरची गाठ होऊन उठतो. धाकटीच्या उठला, आणि तिचा डावा कान बंद झाला. त्यावरचं नवं औषध ताईच्याच प्रयोगशाळेत तयार होत होतं. चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या जोडीला निम्म्या रुग्णांना ते औषध, निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली कोरी गोळी. कोणाला काय, हे ताईलाही ठाऊक नव्हतं.

पहिली गोळी घेताना धाकटीनं तोंड वेडंवाकडं केलं. "ताई, कडूजहर आहे गं. म्हणजे मला खरं औषध मिळालंय."

ताई हसली. 

त्या हसण्यावर धाकटीनं उन्हाळा काढला. कडवटपणा लवकर जाऊ नये म्हणून गोळीवर पाणीसुद्धा उशिरा प्यायची.

मग दवाखान्यात ट्रकवाला भेटला. तीच गाठ, त्याच गोळ्या. त्याची गाठ वाढली म्हणून डॉक्टरांनी त्याला काय दिलं होतं ते उघड केलं होतं.

"पीठ निघालं, पीठ," तो म्हणाला. "आणि मी येडा नाक दाबून गिळत होतो."

"कडू होतं?"

"विचारू नका."

संध्याकाळी ताई दारात चपला काढत होती.

"कोऱ्या गोळीत कडू कोण घालतं गं?"

ताईची एक चप्पल पायातच राहिली. "मी. चवीवरून कोणाला कळू नये म्हणून. तेच तर माझं काम."

"मग त्या दिवशी हसलीस कशाला?"

"कान बंद झाल्यापासून तू पहिल्यांदाच खुशीत दिसलीस. तोंडचा घास कसा काढून घेऊ?"

"घास होता कुठे? परक्या ट्रकवाल्यानं खरं सांगितलं. तू सख्खी असून तोंडाला पानं पुसलीस."

"अगं, तुझी खरीही असेल. मला माहीत नाही, शपथ."

"असू दे. तुझ्या हातचं आता घशाखाली उतरायचं नाही."

धाकटीनं गोळ्यांची बाटली ताईच्या पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली. "उद्या डॉक्टरांना मीच सांगते."

ताईनं कोरी गोळी कडू केली, तेव्हा धाकटीला दोन्ही कानांनी ऐकू येत होतं.