मावशींच्या दारामागचा बोर्ड

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना बोर्ड आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझं तोंड कडू आहे. गोड बोलणारे बोर्ड हवे असतील तर आता आमच्या गल्लीत पुष्कळ झालेत. माझ्यावर एकच ओळ आहे, 'खोली भाड्याने देणे आहे', आणि तीच तीन लिप्यांत. जन्मभर मी तेवढंच बोललो. तेवढ्यानंच सगळ्यांचा घात झाला.

माझा जन्म गच्चीवरचा. पाण्याची टाकी गंजून फुटली, तेव्हा तिचा धड राहिलेला तुकडा रंगाऱ्यानं कापून घेतला. रंगारी दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू. मालकीणबाई त्याला म्हणाल्या, "आपल्याकडे नाना मुलखांची माणसं येतात. त्यांना वाचता यायला नको का?" दोन लिप्या रंगाऱ्याला येत होत्या. तिसरी तळमजल्यावरच्या, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांनी खडूनं काढून दिली आणि त्यानं ती गिरवली. काकांची भाषा इमारतीत कुणाला कळत नसे, पण त्यांचा खोकला सगळ्यांना पाठ होता. माझी अक्षरं जरा उताराला लागल्यासारखी आहेत. त्यावरून रंगाऱ्याची पुष्कळ थट्टा झाली, पण लांबून वाचता येतो म्हणून माझं कौतुकही झालं.

एरवी मी तळमजल्यावर शिवणवाल्या मावशींच्या दारामागे उभा असे. त्यांचं घर आणि दुकान एकाच खोलीत होतं, मशीन दाराशी आणि संसार पडद्यामागे. मालकीणबाईंचे गुडघे धरलेले, जिना उतरणं म्हणजे त्यांना शिक्षाच. म्हणून रिकाम्या खोलीची किल्ली मावशींच्या खिळ्याला असायची आणि खोली दाखवायची ती मावशींनी. मात्र आमच्या इमारतीचा एक नेम होता. आधी खोट सांगायची आणि मग चांगलं. कारण माणूस राहायला आला की त्याचं तोंड रोज बघायचंय, मालकीणबाईंनी नव्हे, शेजाऱ्यांनी.

असाच एकदा मी बाहेर टांगलेला असताना एक पोरगी आली. पहिलीच नोकरी, नवं शहर आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी. सगळे तिला लॅपटॉपवालीच म्हणू लागले. मावशींनी तिला वर नेलं आणि सुरुवात केली.

"हे बघ पोरी, दुपारी पाणी जातं. न्हाणीघराची कडी वर उचलून ओढावी लागते. खालचे काका खोकतात ते इथवर ऐकू येतं. शेजारच्या नर्सबाईंची रात्रपाळी असते, त्या दिवसा झोपतात, म्हणून दुपारी या जिन्यावर कुणी चपला वाजवत नाही. हे चालणार असेल तर पुढचं सांगते."

पोरगी हसली. "मावशी, ऑफिसजवळ नवी वसाहत बघून आले मी. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. पण लिफ्टमध्ये सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्राची एकच पट्टी, सगळ्यांची एकच बडबड. घरी येऊन पुन्हा ऑफिसात शिरल्यासारखं वाटेल. मला अशी सगळ्या तऱ्हेची माणसं हवीत."

"मग इथे भरपूर आहेत," मावशी म्हणाल्या. "कंटाळशील."

जाताना तिनं माझा फोटो काढला. खोटं कशाला बोलू, मी फुलून गेलो.

पहिलं वर्ष खरंच चांगलं गेलं. ती दुपारी चपला हातात घेऊन जिना चढायला शिकली. काकांच्या भाषेतले पाचसात शब्द शिकली आणि त्यातल्या निम्म्या शिव्याच निघाल्या. तापानं फणफणली तेव्हा नर्सबाई ड्युटीवरून आल्या त्या थेट तिच्या उशाशी बसल्या. मावशींनी तिला पडदे शिवून दिले. पोरगी वाईट नव्हती, मित्रांनो. वाईट असती तर मला एवढं लागलं नसतं.

तिनं माझा फोटो आणि आमच्या इमारतीचं वर्णन ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवलं. मग तिच्यासारखेच आणखी येऊ लागले. मावशी हौसेनं एकेकाला घेऊन फिरायच्या. इकडे मालकीणबाई वारल्या आणि कारभार मुलाकडे आला. या धाकट्या मालकांना गुडघ्याचं दुखणं नव्हतं, पण तरी ते कधी इमारतीत फिरकले नाहीत. सगळं फोनवर. भाडं मात्र जिना चढत राहिलं. रंगारी खोली सोडून गेला. नर्सबाई गेल्या. काका गेले, ते जाताना सगळ्यांची घड्याळं चालू करून गेले. दरवेळी मावशींनी मला दारामागून काढलं, चिंधीनं पुसलं आणि बाहेर टांगलं. मी भाबडा, मला वाटायचं मी माणसं आणतोय. मला टांगतात तेव्हा कुणीतरी गेलेलं असतं, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

जिन्यावर आता चपला वाजू लागल्या. नव्या मंडळींना घरून काम असायचं आणि कुणीतरी धाकट्या मालकांकडे तक्रार केली, की खालच्या मशीनची खडखड होते. ऐकून मावशींनी मशीन थांबवलं. नवरा गेल्यापासून ही खोली म्हणजेच त्यांची भाकरी. गिऱ्हाईक सगळं याच गल्लीतलं, ही जागा सुटली तर मशीन कुणाच्या दारात मांडणार? त्या लॅपटॉपवालीला म्हणाल्या, "तू बोल ना गं त्यांच्याशी. तुझ्यासारख्यांचं ऐकतात ते. म्हणावं, मशीन दुपारी बंद ठेवते, पण खोली राहू द्या."

"बोलते मावशी. नक्की बोलते," ती म्हणाली.

बोलली नाही. तिच्या स्वतःच्या खोलीची मुदत संपत आली होती आणि धाकट्या मालकांना दुखवायला ती कचरली. हे तिनंच जिन्यात मैत्रिणीला सांगितलं, माझ्यापासून हातभर अंतरावर. मला तेव्हा बोलता आलं असतं तर!

मग एक दिवस धाकट्या मालकांचा फोन आला. दोन माणसं येतील, त्यांना तळमजला दाखवा. मावशींनी किल्ली काढली आणि काकांची रिकामी खोली दाखवली. नेमाप्रमाणे आधी खोट सांगितली, या भिंतीला ओल येते म्हणून. त्यातल्या एकानं विचारलं, "आणि ही पुढची?"

"ही होय? ही माझी. या की, बघा," मावशी म्हणाल्या. पडदा सारून त्यांनी आपला संसारसुद्धा दाखवला. "उजेड छान येतो हो इथे. रस्ता समोरच, त्यामुळे गिऱ्हाईक चुकत नाही." स्वतःच्या खोलीची खोट काही त्यांना आठवली नाही. दुसरा माणूस टेप लावून भिंत मोजत होता. मावशींनी टेपचं टोक धरून दिलं. आपणच आपली खोली दाखवतोय, हे त्या बाईच्या ध्यानातही आलं नाही.

महिन्याभरात निरोप आला. खोली सोडा, आणि जाताना तो बोर्ड तेवढा लावा, मोजून गेलेल्या लोकांना तो आवडलाय. मावशींनी मला पुसलं. दरवेळसारखंच, कोपरे धरून. आणि स्वतःच्या दारावर सरळ टांगलं.

लॅपटॉपवाली धावत खाली आली. "मावशी, अहो मी बोलणारच होते, पण कामच इतकं होतं..."

"असू दे गं," मावशी म्हणाल्या. "तुझी पॅन्ट झालीय, तेवढी घेऊन जा."

आता इथे कॉफीचं दुकान आहे. मी आत भिंतीवर आहे, शोभेला. खोली भाड्याने द्यायची नाही, तरी मी म्हणतोय, देणे आहे. कोपऱ्यात शिलाई मशीनच्या पायांवर काच ठेवून टेबल केलंय. मावशींचं मशीन नव्हे ते. खडखड करणारं खरं मशीन हाकललं आणि मुकं विकत आणलं. याला काय म्हणावं?

परवा लॅपटॉपवाली त्याच टेबलाशी बसली होती. भाडं आता तिलाही झेपेना. फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, इथे काही राहिलं नाही बघ. सगळे आपल्यासारखेच. पण नदीपलीकडे एक गल्ली सापडलीय, सगळ्या तऱ्हेची माणसं आहेत. खाली चपला शिवणारे काका बसतात, त्यांनीच खोली दाखवली. पंखा आवाज करतो म्हणून आधीच सांगून टाकलं बिचाऱ्यांनी. तुम्ही पण या ना सगळे!"

उठताना तिनं माझा पुन्हा एक फोटो काढला.

मित्रांनो, उद्या तुम्ही शिकाल, नोकरीला लागाल, परक्या शहरात घर शोधाल. जरूर शोधा. चार तऱ्हेच्या माणसांत राहायची हौस चांगलीच आहे. पण ती माणसं म्हणजे खिडकीतून बघायचा देखावा नव्हे. त्यांच्यासाठी कधीतरी तोंडही उघडावं लागतं, आपली गैरसोय झाली तरी. आणि खोली बघायला गेलात की पाण्याचं विचारण्याआधी एवढं विचारा, इथे आधी कोण राहत होतं आणि ते कुठे गेलं? माझ्याखाली इतकी माणसं उभी राहिली, पण हे एकानंही विचारलं नाही. मावशी कुठे गेल्या, ते मलासुद्धा माहीत नाही. कुणीतरी विचारा रे.