किंचाळीतला ‘जी’

“काका, या सीनवर पब्लिक शिट्ट्या मारते!” म्हणत सोनिकानं मोबाइल माझ्यापुढे धरला. पोरगी कॉलेजातली. स्वस्तातल्या भुताच्या सिनेमांचा महोत्सव भरवणार होती. तिला माझा ‘राख उठली’ दाखवायचा होता आणि माझ्या बायकोला, धनश्रीला, स्टेजवर बोलवायचं होतं.

मी तीन सिनेमे काढले. सेट घरचाच, बंद पडलेल्या हातमागाची खोली. चेटकीणही घरचीच. पहिल्याच्या सीड्या बुटीबोरीच्या कामगारांत धडाधड खपल्या. दुसऱ्यात भुताच्या पायात हवाई चप्पल दिसली नि लोक हसून हसून बेजार झाले. तिसरा, ‘राख उठली’, साफ आपटला. त्यातली धनश्रीची किंचाळी मात्र अठरा वर्षांनी मोबाइलवर घरोघरी पोचली.

“काकू, इतकं खरं कसं जमलं तुमाले?”

धनश्री स्वयंपाकघराच्या दारात उजवा डोळा पदरानं टिपत उभी होती. नेहमीसारखा मीच बोललो, “नटाकडून काढून घ्यावं लागते. डायरेक्टरचं काम हाय ते.”

काय मेली फुशारकी! त्या दिवशी रक्ताचा रंग संपला होता. इतवारीच्या बाजारापर्यंत जायचा कंटाळा केला आणि साखरेच्या पाकात भिवापुरी तिखट कालवलं. रंग असा सुरेख आला की बस! तेच तिच्या कपाळावरून ओघळवलं.

“एक समजलं नाही काका,” सोनिका म्हणाली. “आम्ही सीनखाली संवादाची अक्षरं टाकून राहिलो. काकू म्हणतात, ‘माहे डोये जळून राहिले, थांबवा ना जी!’ चेटकीण तर पिक्चरभर सगळ्याइले अरे-तुरे करते. मग हे ‘जी’ कोणाले?”

‘जी’ ती जगात एकालाच म्हणते. लोकांना मी सांगत आलो की तो संवादच होता. तिला सांगितलं होतं, गोंधळात ऐकूच आलं नाही. बिचारीनं ते खरं मानलं. उजवा डोळा लगेच धुतला असता तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले होते.

“मले,” मी म्हणालो.

धनश्री पुढे आली. “म्हणजे आयकू आलं होतं तुमाले?”

“पहिल्याच हाकेले. शॉट मस्त चालू होता... वाटलं, अजून एक मिनिट.”

ती आत गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. सोनिकानं मोबाइल गुपचूप पर्समध्ये टाकला. मला माझीच लाज वाटत होती आणि उठून आत जायची हिंमत होत नव्हती.

चहा आला. ट्रेमध्ये कप दोनच होते. एक सोनिकापुढे ठेवून दुसरा घेऊन धनश्री तिच्याजवळ बसली.

“मले नाही यायचं वं पोरी स्टेजवर,” ती म्हणाली. “त्याले विचार, तो येते का.”

लग्नाला एकतीस वर्षं झाली. मी ‘तो’ पहिल्यांदाच झालो.